टिल्लूच्या वाट्याचा प्रसाद

चेंडू टिल्लूच्या नाकासमोरून घरंगळत गेला. तो उठला नाही.

“पळ ना गा!” सुभद्राबाईंनी टाळी वाजवली.

पाच महिन्यांचं रिट्रीव्हरचं पिल्लू ते. परवापर्यंत नंदनवन वस्तीतल्या या मैदानात चेंडू हातातून सुटायच्या आधीच धाव घ्यायचं. धापा टाकत चेंडू पायाशी आणून ठेवायचं आणि बक्षिसासाठी हाताकडे बघत बसायचं. श्रावण लागल्यापासून बक्षीस एकच होतं. महादेवापुढच्या नैवेद्यातली किसमिस. सोमवारी तर मूठभर.

“कुत्र्याले प्रसाद?” त्यांचे यजमान, कृष्णकांत, हसायचे.

“काहून? तुमच्यापेक्षा मन लावून खाते तो.”

त्या संध्याकाळी टिल्लू ओकू लागला. सुभद्राबाईंनी तो बरा होईपर्यंत अन्न सोडलं. देवापुढून त्या उठत नव्हत्या. उठल्याच तर कुस्करलेली किसमिस बोटानं त्याच्या तोंडात सारायला.

सकाळी कृष्णकांत एकटेच त्याला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेले.

“दोन्ही किडन्या गेल्यात,” डॉक्टर म्हणाले. “द्राक्षं, किसमिस असं काही खाल्लं का यानं? कुत्र्यांना ते विष असतं.”

टिल्लूचं डोकं कृष्णकांतांच्या मांडीवर होतं. “आम्हाले माहीतच नव्हतं,” एवढंच ते बोलले.

तिसऱ्या दिवशी, सलाइन चालू असतानाच, टिल्लू गेला.

सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या. कृष्णकांतांचे रिकामे हात बघून त्या उंबऱ्यावर बसल्या.

“माझं काही चुकलं का हो? व्रतात काही राहून गेलं का?”

“नाही वं. जन्मापासूनच खराब होती त्याची किडनी. कोणाच्याच हातात नव्हतं.”

त्या खूप रडल्या. रात्री कृष्णकांतांनी वरणभात कालवला, तेव्हा दोन घास त्यांच्या पोटात गेले. निदान एवढं तरी आपल्याला जमलं, असं कृष्णकांतांना वाटलं.

पुढच्या सोमवारी दोघं देवळातून परतत होते. मैदानात शेजारची मोनाली आपलं पिल्लू खेळवत होती. टिल्लूचाच भाऊ तो, एकाच वेतातला. तसाच सोनेरी, तसाच वेडा. सुभद्राबाई दिसताच तो चेंडू टाकून त्यांच्याकडे धावला, साडीवर पाय ठेवून उभा राहिला. आठ दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

“थांब गा, थांब! देते ना.” त्यांनी प्रसादाच्या वाटीत हात घातला. “टिल्लूच्या वाट्याचा आता तूच खा.”

मूठ त्याच्या तोंडापाशी गेली.

कृष्णकांतांनी झडप घालून त्यांचं मनगट धरलं. किसमिस मातीत सांडली. पिल्लू खाली वाकलं, तसं त्यांनी त्याला पायानंच मागे सारलं.

“अहो! काहून?”

कृष्णकांतांना वर बघवेना.

“सुभद्रा,” ते म्हणाले, “टिल्लूची किडनी जन्मापासून खराब नव्हती.”