जावयाचा मान

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या, नायट्रो इंधनाच्या गाडीचं इंजिन ग्लो प्लगवर पेटतं. धनराज भाऊजींचा, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचा, एक प्लग वर्षभर पुरायचा. माझा दर रविवारी जळायचा. कारण विचारलं की चारचौघांत हसून म्हणायचे, "इंधनाची सुई आवळ अजून, साळेबुवा! तुले इंजिन समजतच नाही." मी आवळत गेलो. सहा प्लग जळाल्यावर कळलं, सुई सैल करायची असते, आणि भाऊजींना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

जावयाला उलटून बोलायची आमच्यात रीत नाही. जळके प्लग मी एका डबीत भरून ठेवले.

परवा दारव्ह्याला शर्यतीच्या फायनलच्या पाच मिनिटं आधी भाऊजींचाच प्लग गेला. जास्तीचा सोबत ठेवायची सवय त्यांना नव्हतीच. सगळ्या मैदानासमोर ते माझ्याकडे पळत आले. "नयन, तुह्यापाशी असतीनच. दे ना लवकर, बाप्पा!"

जावयाला नाही कसं म्हणणार?



जपून ठेवलेली ती डबी मी त्यांच्या हातावर ठेवली. "घ्या ना भाऊजी. सहाच्या सहा हायेत, एकेक लावून पाहा."