न आलेल्याचा वाटा

‘जो नाय आला, त्याचा वाटा पयला काढ.’

सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी मासळी वाटायला बसलं की लतिकाला त्यांचा आवाज ऐकू येई. पांडू तांडेल, अर्नाळ्याचे; घरात सगळे त्यांना आबा म्हणत. जो खलाशी आजारी पडून होडीवर येऊ शकला नाही, त्याचा वाटा ते सगळ्यांच्या आधी बाजूला ठेवत आणि किनाऱ्याला लागल्यावर स्वतः त्याच्या घरी नेऊन देत. होडी विकून फुलपाड्याला दुसऱ्या मजल्यावर राहायला आले, तरी त्यांचा नेम सुटला नाही. आता तो लतिकाचा होता.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावरची पहिली मासळी चुलतदीर जितेंद्र सकाळीच देऊन गेला होता. शेजारणी दरवर्षीप्रमाणे भांडी घेऊन आल्या, हसतबोलत वाटे घेऊन गेल्या. चौथ्या मजल्यावरून मात्र कोणी आलं नाही. लतिकाने आधीच काढलेले आठ बोंबील आणि एक पापलेट ओट्यावर झाकलेलेच होते.

“तो कोणाचा?” तिच्या नवऱ्याने, प्रल्हादने विचारलं. त्याला ठाऊक होतं.

“हरेश्वरभाऊंचा.”

“हवा असता तर आला असता.”

“कसे येतील?”

महिन्यापूर्वी सोसायटीच्या मीटिंगमध्ये खालच्या नावांच्या बोर्डाचा विषय निघाला होता. इमारतीत तांडेल दोन, कुरिअरवाला दर वेळी चुकतो, तर नावापुढे काहीतरी खूण लिहा, असं कोणीतरी म्हणालं. “आमच्यापुढे ‘खरे’ लिहा,” प्रल्हाद म्हणाला होता. “उंबरगावकडे काय, ज्याने त्याने लावून घेतलंय तांडेल.” सगळे हसले. उंबरगावचा हरेश्वर हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दारावरची पाटी काढली. तिथे आता स्क्रूची चार भोकं होती.

“मस्करी केली मी,” प्रल्हाद म्हणाला. “उन्नती, जा गं, वर देऊन ये.”

लेक उठली. लतिकाने मान हलवली.

“आबा काय म्हणायचे? दुसऱ्याच्या हातून धाडला तर ती भीक. तांडेलाने स्वतः न्यायचा.”

“मग बाबांनी जायला पाहिजे,” उन्नती हसली. “पण बाबा कसले तांडेल? अर्नाळ्याला गुडघाभर पाण्यात गेले तरी माझा हात धरतात.”

“आडनाव आहे ते, कार्टे.”

“आबा तर म्हणायचे, ते आडनाव नव्हतंच. ज्याच्या हातात सुकाणू, तो तांडेल. सरकारी माणूस कागद घेऊन यायचा, लोक ज्या नावाने हाक मारायचे तेच लिहून न्यायचा. अर्नाळ्याला तेच, दमणला तेच, उंबरगावलाही तेच. मग यात खरे-खोटे कुठून आले हो, बाबा?”

“वाढ गं,” प्रल्हाद लतिकाला म्हणाला. “एक वाजून गेला.”

लतिकाने दोन ताटं वाढली.

“तुझं?” प्रल्हादने विचारलं.

“वाटा जायचा राहिलाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. दूध तापत ठेवलंय, असं सांगावं तसं तिने सांगितलं. सकाळी देवापुढे दिवा लावल्यापासून तिने पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं.

उन्नती आबांची खुर्ची ओढून जेवायला बसली. खुर्चीच्या दोन्ही हातांना जाड दोरीच्या कड्या बांधलेल्या होत्या.

“ही दोरी काढा ना कोणीतरी. मी काल किती ओढली, गाठ हलतसुद्धा नाही. मारली तरी कोणी?”

“हरेश्वरभाऊंनी,” लतिका म्हणाली. “आबांचं डायलिसिस आणि लिफ्ट बंद. तुझ्या बाबांचं ऑफिस. भाऊ रात्रपाळी करून यायचे, आणि तसेच न झोपता, वॉचमनला हाताशी घेऊन आबांना खुर्चीसकट खाली उतरवायचे. पहिल्या दिवशी आबा घाबरले होते. मग ती गाठ चाचपून बघितली त्यांनी. खूप वेळ बघितली. म्हणाले, ‘ह्यो तांडेलाचा हात हाय. ने बाबा, आता कुठं पन ने.’”

प्रल्हादचा घास हातातच राहिला.

“आबा असं म्हणाले? त्याला?”

“मला वाटलं, भाऊंनीच तुम्हाला सांगितलं असेल.”

“नाही. कधीच नाही.”

तो उठला. खुर्चीपाशी वाकला. गाठीवर अंगठा दाबून त्याने दोरी ओढून पाहिली. ती तसूभर सरकली नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी आबांनी त्याचा हात असाच घट्ट धरला होता. ‘होडी इकलीस, इकलीस. वाटा नको मोडू.’ नाही मोडणार आबा, असं तो म्हणाला होता. त्यानंतर एकदाही तो वाटा घेऊन कोणाच्या दारात गेला नव्हता.

त्याने अर्धं जेवलेलं ताट झाकलं, हात धुतले. ओट्यावरचं भांडं उचललं. दाराशी थांबून चपलांच्या कपाटाचा खण उघडला, आतला स्क्रूड्रायव्हर काढून खिशात घातला.

उन्नती काहीतरी बोलणार होती. लतिकाने ओठांवर बोट ठेवलं.

दार लोटलं गेलं. लिफ्ट चालू होती, तरी पावलं जिन्याकडे वळली. लतिका ऐकत राहिली. तिसरा मजला आला. पावलं तिथे जराशी रेंगाळली, मग पुन्हा वर चढू लागली.

तिने भाताखालचा गॅस पेटवला. फळीवरून आपलं ताट काढलं, पुसलं, मांडलं. आणि थोडं थांबून, त्याच्या शेजारी आणखी एक, पाहुण्याचं.