हजेरीचा प्रोग्राम जेवायला जातो

माणूस आहे की नाही, याचा अंतिम निवाडा विधात्याच्या दरबारात होतो. काशीगावच्या स्टीलच्या डब्यांच्या कारखान्यात मात्र तो जिन्याखालच्या खोलीत होई, केरसुणी आणि फिनेलच्या कॅनशेजारी. तिथे डिरेक्टरी सर्व्हर ठेवला होता.

त्याच्या पोटात एकशे ऐंशी माणसांची यादी. दाराचा प्रोग्राम, पगाराचा, हजेरीचा, सगळे त्यालाच विचारणार, "हा आपला का?" पण आधी प्रत्येक प्रोग्रामने स्वतःचं नाव आणि पासवर्ड सांगून ओळख पटवायची, तेव्हा कुठे यादी उघडणार. सर्व्हर हो म्हणाला की माणूस आत. नाही म्हणाला की बाहेर, मग तो तिथे पंधरा वर्षं का घासला गेला असेना.

ही यादी सांभाळी लोकेश कांबळे. नावं घालायची त्यानं, काढायचीही त्यानंच. म्हणूनच हेड ऑफिसनं सात महिन्यांपूर्वी त्याला नोकरीवरून कमी केलं, तेव्हा "लोकेश कांबळे यांचं नाव यादीतून वगळावं" ही मेलसुद्धा रीतसर लोकेश कांबळेलाच आली.

त्यानं ती दोनदा वाचली. "काम झालं" असं उत्तर धाडलं आणि डबा खाल्ला. नावाला हात लावला नाही. मुलगी इशिता दहावीला होती. अशा वर्षी घरात ही बातमी नको, इतकंच त्यानं ठरवलं. बायकोला, हंसालाही, सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्ड दाखवलं, दार उघडलं. तेव्हापासून रोज हिरवा दिवा लागेपर्यंत त्याला धास्ती असायची.

तीन महिन्यांपूर्वी क्षितिजा राणे आली आणि धास्ती दिवसभर मुक्कामाला राहू लागली.

"हेड ऑफिसची बाई आहे," रिसेप्शनवरचे नानासाहेब आवाज खाली आणून म्हणाले. "कोणाला नारळ द्यायचा, ते बघायला पाठवलंय. बोलत नाही रे, नुसती वहीत लिहिते. अशी माणसं लय वाईट."

नानासाहेब तिच्यासाठी स्वतः उठून दार धरीत. काचेच्या केबिनमध्ये ती बसे. लोकेश समोरून गेला की मान वर करी, बघे, आणि पुन्हा वहीत काहीतरी लिही.

सोमवारी लोकेशनं सर्व्हरची नोंदवही उघडली. हजेरीचा प्रोग्राम सकाळी नऊ बेचाळीसला ओळख देत होता आणि सहाला थांबत होता. मध्ये एक ते दीड गप्प. रविवारी सुट्टी.

प्रोग्राम जेवायला जात नाही. म्हणजे त्याच्या नावाखाली कोणीतरी माणूस शिरत होता. पासवर्ड मिळवायला फार हुशारी नको होती. तो हजेरीच्या मशीनच्या पाठीवर चिठ्ठीवर चिकटवलेला होता. अक्षर लोकेशचं.

हा माणूस यादीत बघतो काय, हे त्यानं शोधलं. आठ दिवसांत एकच पान उघडलं गेलं होतं, छत्तीस वेळा. कांबळे, लोकेश.

आणि विचारणा येत होती काचेच्या केबिनमधून.

पासवर्ड बदलावा, तर बाईला कळणार की ह्याला कळलंय. न बदलावा, तर ती वाचतच राहणार. नाव आपणच काढून निघून जावं, तर उद्या सकाळी डबा घेऊन जायचं कुठे?

फोन वाजला.

"लोकेश सर, जरा केबिनमध्ये येता?"

जिना चढताना त्यानं दोनदा कठडा धरला. नानासाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तिरडीवरची फुलं आणायला सांगायचीच काय ती बाकी होती.

क्षितिजानं दार लावून घेतलं. वही मिटली.

"यादी तुम्हीच बघता ना?"

"हो, मॅडम."

"एखादा माणूस कंपनीचा नसेल, आणि तरी रोज येत असेल, तर तुम्हाला कळतं?"

लोकेशनं गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"कळतं. सात महिने झाले, मॅडम. मला काढलंय, पण नाव मी काढलंच नाही. मुलीची परीक्षा होती. पोलिसांत देऊ नका. आत्ता खाली जातो आणि पुसून टाकतो."

क्षितिजानं ते कार्ड उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. मग मटकन खुर्चीत बसली.

"मी इंटरव्ह्यूला आले होते, सर," ती म्हणाली. "घ्यायला कोणी आलंच नाही. नानासाहेबांनी हेड ऑफिसची समजून इथे बसवलं, चहा पाजला, उद्या या म्हणाले. घरच्यांना वाटलं, लागली नोकरी. आईनं अख्ख्या बिल्डिंगीत पेढे वाटले. तुम्हाला सांगावं म्हणून, मशीनमागचा पासवर्ड घालून, फोन नंबरासाठी रोज तुमचं पान उघडत होते, लावायचा धीर होत नव्हता."

लोकेश दाराशी पोचला होता. तिनं पदराशी चाळा करत हळूच विचारलं,

"खाली जातायच, तर तुमचं काढायच्या आधी माझं तेवढं घालाल का?"