एका ओळीचा कागद

डब्लिनहून आल्प्सच्या सहलीला जाताना विमानाचा जो धूर होईल, त्याची भरपाई करणारं एखादं काम शाळा करणार होती. ते निवडायला मुलींचीच समिती नेमली: ग्रॉनिया, मेव आणि ईटा. तिघींनी एकेक काम कागदावर सुचवायचं आणि चिठ्ठीवर स्वतःचं सोडून दुसरीचं नाव लिहायचं. ठरेल ते शाळेला मान्य.

"आमच्या आजोबांनी ज्या दलदलीतली माती जन्मभर जळणासाठी कापून काढली, तिच्यात पुन्हा पाणी सोडू या, म्हणजे ती धूर शोषून घेईल," मेव म्हणाली आणि डेवेन मिसचे डोळे पाणावले. ग्रॉनियाच्या ओकच्या रोपांना मात्र नुसतं "छान हं!"

ग्रॉनियाच्या पोटात दुखायला लागलं. मेवचं बर्फातलं जाकीट बघून तिने हट्टाने त्याहून भारी आणलं होतं, पण असले रडवणारे आजोबा कुठून आणणार?

ईटाचा कागद तर एका ओळीचा. तो ग्रॉनियाने वाचलाही नाही. 'ही बापडी जिंकली तरी चालेल, मेव नको,' म्हणत तिने चिठ्ठीवर ईटाचं नाव लिहिलं. शेजारी मेवही हाताचा आडोसा करून, ग्रॉनियाकडे तिरकं बघत काहीतरी खरडत होती.

"ईटाला दोन मतं!" मिसनी जाहीर केलं आणि तिचा कागद उचलून मोठ्याने वाचला.



"विमानात बसूच नका. सहल रद्द करा."