आधी चेहरा

"वळख दाखवू नको," बाकीचे पुढं गेल्यावर, गाडीतून उतरता उतरता लडकू दार धरून उभ्या असलेल्या अनंताला पुटपुटला. "मजीदशेटला सांगितलंय, सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव, मागं वाटेकरी कुणी न्हाय. आजचा दिस सांभाळ, दादा. तुझं मी मागनं बघतो."

त्यातलं 'दादा' त्यानं इतकं हळू म्हटलं की ते गाडीतच राहिलं. अनंतानं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

वडपे गावाजवळ, हायवेला लागून, मुंबईच्या कुणा मालकानं हा रंगाच्या बंदुकांचा खेळ नव्यानं मांडला होता. जुन्या टायरांचे ढीग, पिंपं, पोत्यांच्या भिंती. त्यांच्या आड लपायचं आणि एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या. अनंता तिथं सामान द्यायच्या कामावर होता. अंजूरची खाडीकडची जमीन बापाची, म्हणजे दोघा भावांची. तिच्यावर गोदामं बांधायचं मजीदशेटशी ठरत आलं होतं, आणि कागद होण्याआधी शेटचं मन राखायला लडकू त्याला इथं घेऊन आला होता. सोबत शेटचा मॅनेजर यूनुस.

तिघंही नवखे. यूनुसनं आल्या आल्या सगळ्यात लांब नळीची बंदूक उचलली.

"ती ठेवा खाली," अनंता म्हणाला. "नव्या माणसानं बंदूक शेवटाला घ्यावी. आधी चेहरा."

"चेहरा आहे की, अल्लाहने दिलेला."

"तोच सांभाळायचाय. गोळी रंगाची असली तरी डोळा घेऊन जाते." त्यानं एक मुखवटा मजीदशेटच्या तोंडावर बसवला आणि कडेनं बोट फिरवलं. "बोट आत शिरता कामा नये. आता मान हलवा. सरकलं तर दुसरं बघू." मग जाड जाकीट, मग गळ्याला पट्टा. "इथं लागली तर चार दिवस वळ जात न्हाय." बंदूक त्यानं सगळ्यात शेवटी दिली, आखूड आणि हलकी. "लांब नळी टायरात अडकते. माणूस पळायचं सोडून तिलाच सोडवत बसतो."

मजीदशेट जुना लूमवाला, कापडातला माणूस. जाकिटाचं कापड चिमटीत धरून त्यानं ते बोटांनी चाचपलं. "बरं शिकवतोस रे बाबा," तो म्हणाला.

लडकूची पाळी आली. त्याला अनंतानं काही विचारलंच नाही. फळीवरचा, काचेला एकही ओरखडा नसलेला मुखवटा काढला. आपल्या खांद्यावरचा पंचा घडी करून लडकूच्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि वरून जाकीट चढवलं.

"लडकूशेटला गादी, आम्हाला काही नाही?" यूनुसनं चिडवलं. "आणि डाव्याच खांद्याला का रे?"

लडकूनं कमरेचा पेजर उगाच चाचपला.

"वहीत सही डाव्या हातानं केली त्यांनी," अनंता म्हणाला. "डावऱ्या माणसाला बंदुकीचा दांडा तिथंच रुततो."

खोटं नव्हतं. पण त्या खांद्याचं हाड लहानपणी एकदा निखळलं होतं, आणि ते बसवायला लडकूला पाठुंगळी घेऊन भर पाण्यातून कोण चालत गेलं होतं, हे इथं बोलायचं नव्हतं.

मुखवट्याचा पट्टा आवळताना दोघांचे चेहरे जवळ आले, काचेच्या अलीकडं एक, पलीकडं एक.

"घट्ट झालं का?" अनंतानं विचारलं.

"चालेल, बाबा," लडकू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

खेळ अर्धा तास चालला. तिघं पिवळ्या-तांबड्या रंगानं माखून परतले. शेटनं आणि यूनुसनं मुखवटे काढून घाम पुसला. लडकू अजून हसतच होता, पट्ट्याकडं हात नेत होता.

तेवढ्यात ठमाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. ती तिथंच रांधायला होती. बायकोला सावध करायला अनंताला वेळच मिळाला नव्हता. मुखवट्यातून आलेलं ते हसू तिनं ऐकलं आणि तिचं तोंड फुललं.

"अगो बाय, लडकू भावजी! घरला पाय न लावता परस्पर हिकडंच?" तिनं पहिला पेला त्याच्यापुढं धरला.

लडकूचा हात पट्ट्यावरच थांबला.

"भावजी?" मजीदशेटनं एकेकाकडं पाहिलं. "लडकूशेट, तुम्हाला भाऊ नाही म्हणाला होतात."

अनंता शेटचा मुखवटा फडक्यानं पुसत होता. पुसलेलीच काच त्यानं पुन्हा पुसली.

"तिची सवय हाय, शेट," तो म्हणाला. "गावातल्या सगळ्यांनाच भावजी म्हणते. नातं काय न्हाय."

"असं का, बाई?"

ठमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो वर बघेना. खाडीकडच्या चिखलात भात लावण्यात तिची वीस आवणं गेली होती. भाताचा प्रत्येक बांध तिच्या पायाला ठाऊक होता.

"व्हय," ती म्हणाली. "नातं काय न्हाय."

पेला धरलेला हात मात्र तिनं मागं घेतला नाही.

"मग प्या की, लडकूशेट," यूनुस म्हणाला. "जीव गुदमरेल आत."

लडकूनं मुखवटा काढला नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. काच आतून धुरकटत गेली, आधी खालून, मग वरपर्यंत, आणि तिच्यामागचे डोळे दिसेनासे झाले.