आबेदावहिनींची चादर

व्याख्यानमालेत मार्टिन ल्यूथर किंगबद्दल ऐकून मोरेश्वर आणि अल्लाबक्ष शिंपी भारावले. पुढे चाळीस वर्षं दर जानेवारीत दोघांनी सलोखाफेरी काढली. किंगमागे लाखो चालले. यांच्यामागे कसबा पेठेतली दोन कुत्री. फलक म्हणजे अल्लाबक्षच्या बायकोची, आबेदावहिनींची, माहेरची चादर, गुपचूप पळवलेली. दोन्ही टोकांना अल्लाबक्षनं मुद्दाम बांबू बसवलेले, एकट्याला उचलताच येऊ नये म्हणून. पावसाळ्यात अल्लाबक्ष वारला; जानेवारी मात्र आला. मोरेश्वर फलक घेऊन वहिनींच्या दारात उभा राहिला. "आणलीत माझी चादर?" त्यांनी विचारलं. त्याला कळलं, फेरी संपली. घडी घालायला त्यानं एक टोक पुढे केलं. वहिनींनी चादर ताणली, विटलेली अक्षरं वाचली आणि चपला घातल्या. "घडी आल्यावर घालू. हळू चाला, भाऊजी. मला गुडघे आहेत." मागे दोन कुत्री निघाली, नव्या पिढीची.