बंदुकीआधीची थाळी

सिंगापूरमधल्या बुकित बातोकचा कॉन्डो रिकामा करून दमलेल्या अनघाने स्टीलची थाळी आणि लाटणं उचललं. नोकरी गेली होती, वर्क पास संपत आला होता आणि पुण्याच्या सासरी कुत्र्याला जागा नव्हती. ऑस्ट्रेलियातला तिचा भाऊ लावा पक्ष्यांच्या शिकारीसाठी हे पॉइंटर जातीचं पिल्लू न्यायला तयार होता, पण बंदुकीच्या आवाजाला बिचकणारं नको होतं. म्हणून पिल्लू खायला बसलं की ती रोज थाळी वाजवायची. आज भाऊ फोनवरून परीक्षा घेत होता. "आई, लाउडर लाह," लेक कानाशी कुजबुजली. "घाबरला की आपल्याकडेच राहील." अनघाने सगळा जीव एकवटून लाटणं हाणलं. पिल्लाने मान वर केली, शेपटी हलवली, पुन्हा वाडग्यात तोंड घातलं. "शाब्बास! तिकीट काढतो याचं," भाऊ म्हणाला. "ताई, पुरे आता." थाळीला पोचा पडला, तरी ती वाजवतच राहिली.